चौथ्या मजल्यावरची भरतीची रेषा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. पण कसे, तर ऑफिसात डबा खाताना, तोंडी लावायला. हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... वाचायचं, हसायचं आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात विचारायचं, पुरावा काय? माझा धंदाच तसा आहे. जे मोजता येत नाही ते मी कधी मानलं नाही, आणि जे मानलं तेही दोनदा मोजून. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, आणि पुरावा म्हणाल तर फ्रीजवर ठेवलेली एक छोटी डबी आहे. तीही मी उघडत नाही. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

आधी ओळख. मी मूळची अकोल्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हा पाण्यात पायसुद्धा घातला नव्हता. आज पोटापाण्यासाठी काय करते, तर त्सुनामीच्या लाटांची उंची काढते. तेही दिल्लीत बसून! आमचे खन्ना सर, म्हणजे माझे वरिष्ठ, दर मीटिंगला एकदा तरी म्हणतात, "मैडम, यमुना हमसे संभलती नहीं और हम समंदर नापने चले हैं." संस्थेचं नाव सांगत नाही. सरकारला किनाऱ्यावरच्या धोक्याचे नकाशे करून देते, एवढं पुरे.

राहते गाझियाबादला, वैशालीत, जुन्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. नवरा सुहास जन्माने दिल्लीकर. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, केंद्र सरकारच्या एका खात्यात अकाउंट्सला आहे. त्याचं मराठी चांगलं आहे, फक्त मधे मधे हिंदी सांडते. मुलगा शिकायला बंगळूरला, त्यामुळे घरी आम्ही दोघंच.

आता कामाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. अरबी समुद्राच्या वरच्या टोकाला, मकरानच्या किनाऱ्यापाशी, समुद्राच्या तळाखाली जमिनीचा एक थर दुसऱ्याच्या खाली सरकत असतो. सरकताना अडकतो आणि कधीतरी सुटतो. सुटला की भूकंप, आणि त्याने वरचं पाणी उचललं गेलं की त्सुनामी. चाळीसच्या दशकात असं झालेलं आहे आणि तेव्हाची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचली होती. आम्ही कॉम्प्युटरवर असे पुष्कळ भूकंप घडवतो, कमी-जास्त ताकदीचे, आणि प्रत्येकाची लाट किनाऱ्यावर आणून कोणत्या गावात किती पाणी चढेल ते बघतो.

मग दुसरा प्रश्न येतो — असं किती वर्षांतून एकदा? इथे भलेभले हात टेकतात. लेखी नोंदी अगदी तुटपुंज्या. म्हणून किनाऱ्यामागच्या दलदलीत नळी खुपसून खोलवरची माती काढायची आणि काळ्या चिखलात कुठे समुद्राच्या वाळूचा पातळ थर दिसतो का ते पाहायचं. त्या वाळूत समुद्री जिवांचे अगदी बारीक, सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारे शंख सापडले की लाट इथवर आली होती असं धरायचं. एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत किती काळ गेला, त्यावरून अंदाज बांधायचा. अंदाजच. दोन तज्ज्ञांची दोन मतं असतात, मग दोघांनाही मान देऊन मधला आकडा. 'पाचशे वर्षांतून एकदा' असं ऐकलं की लोकांना वाटतं, चला, पाचशे वर्षं निवांत. तसं नसतं हो. ती उद्याही येऊ शकते, आणि उद्या आली तरी आमचा आकडा चुकला असं कोणाला म्हणता येणार नाही. मला पूर्वी या गोष्टीची गंमत वाटायची.

तर मागच्या हिवाळ्यात आम्ही कोकणातल्या एका गावात पाहणीला गेलो होतो. गावाचंही नाव नको. किनाऱ्याला लागूनच प्राथमिक शाळा आहे. शाळेच्या मागे होड्या ओढून ठेवायचा उतार, आणि उताराच्या खाली समुद्र. मुख्याध्यापिका परकार बाई. बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या, डोक्यावरची ओढणी एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने मुलांना गप्प करणाऱ्या. शाळेची इमारत पार खिळखिळी झालेली. नवी इमारत मंजूर व्हायची होती, पण अट अशी की जागा सुरक्षित आहे असं आमच्या नकाशाने म्हटलं पाहिजे. नाहीतर शाळा वर सड्यावर जाणार, म्हणजे गावामागे जो उघडा कातळाचा माळ आहे त्यावर.

"मॅडम, सड्यावर शाळा गेली की माझ्या मुली गेल्या," परकार बाई मला म्हणाल्या होत्या. "आया पहाटेच मासळी घेऊन बाजाराला जातात. लहान भावंडं मुलींकडे असतात. इथे शाळा घराला लागून आहे म्हणून त्या बाळाला काखेत घेऊनसुद्धा येतात. एवढा चढ चढून कोण येणार?"

पहिलीच्या वर्गात खरंच एक मुलगी मांडीवर भाऊ घेऊन बसली होती. तो खडू खात होता.

ऑगस्टमध्ये आमची आकडेमोड पूर्ण झाली. या गावासाठी निकाल चांगला होता. भरतीच्या वेळी लाट आली तरी पाणी शाळेच्या फरशीच्या हातभर खाली थांबत होतं. मला इतका आनंद झाला की रिपोर्ट जायच्या आधीच मी परकार बाईंना फोन केला. असं करायचं नसतं, पण केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या तोंडात साखर पडो. उद्या पालकसभेत सांगते." माझा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या आकड्याने कोणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रिपोर्ट सोमवारी जाणार होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना सुहास म्हणाला, "अगं, ही सीलन कधी आली?"

हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या बाजूला, एक पांढरी फिकट रेघ होती. पावसाळ्यात इकडच्या भिंतींना ओल येते, रंग फुगतो, पांढरं मीठ बाहेर पडतं, त्यात नवल काही नाही. मी "वरच्या आंटींचं बाथरूम गळत असेल" म्हटलं आणि मेट्रो पकडायला पळाले. संध्याकाळी आले तेव्हा रेघ खिडकीपर्यंत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचा प्लंबर आला. वर जाऊन आला, खाली जाऊन आला. दोन्हीकडे कोरडं. आमच्या भिंतीकडे बघत बराच वेळ कान खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "मैडम जी, सीलन या तो ऊपर से आती है या नीचे से. ये तो बीच में से चली आ रही है." बारिश के बाद देखेंगे, असं सांगून तो गेला. इथे सगळेच प्लंबर हेच सांगतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते शुक्रवारी. तोवर रेघ हॉलच्या चारी भिंतींवर फिरून मधल्या पॅसेजमधून बेडरूममध्ये शिरली होती. माझ्या छातीच्या उंचीवर. सुहासने फोनमधलं लेव्हल बघायचं ॲप उघडून फोन रेघेला लावला. प्रत्येक भिंतीवर शून्य.

"यार, बिल्कुल सीधी आहे," तो म्हणाला. "बिल्डरने फ्लोअरसुद्धा इतकी सीधी नाही केली."

मी बोटाने थोडी पूड काढली आणि जिभेला लावली. आमच्या लोकांना ही वाईट खोड असते, फील्डवर माती चाखून बघतात. खारट होती. आता गाझियाबादचं बोअरचं पाणीही खारटच असतं, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. मी चमचाभर पूड खरवडून औषधाच्या रिकाम्या डबीत भरली. सोमवारी लॅबमधल्या मैत्रिणीला दाखवू, असं ठरवलं आणि तिला तसं कळवलंही.

शनिवारी सकाळी मी पडदे धुवायला काढले, आणि बाल्कनीच्या काचेच्या दारावर तीच रेघ दिसली.

काचेवर! भिंतीतलं मीठ बाहेर येतं हे समजू शकतं. काचेतून कसलं मीठ येणार? मी ओल्या फडक्याने पुसली. गेली. चहा ठेवून परत आले तर पुन्हा होती, त्याच जागी, भिंतीवरच्या रेघेला या कडेला आणि त्या कडेला जुळलेली. बेडरूमच्या लाकडी दारावर होती. कपाटाच्या सनमायकावर होती. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि सगळीकडे नजर फिरवली. तेव्हा ती काय आहे हे मला दिसलं. पूर ओसरल्यावर घराघरांत अशीच रेघ राहते. पाणी जिथवर येऊन थांबलं त्याची खूण. त्सुनामीनंतर आमचे लोक गावोगाव हिंडून हीच रेघ शोधतात आणि मोजतात. माझी खोली पाण्याने भरून रिकामी झाल्यासारखी दिसत होती, आणि सोफा मात्र कोरडा होता.

वास आला, आवाज आला, असलं काही मी सांगणार नाही. आला नाही. कुकरची शिट्टी झाली, खाली भाजीवाला ओरडत होता.

घाबरले की मी मोजायला लागते. सुहासला टेप दिला आणि मी पेन्सिल घेऊन रेघेवर बारीक खुणा करत गेले. तो टेपचं टोक जमिनीला टेकवून आकडे सांगत होता. हॉलमध्ये एक आकडा. पॅसेजमध्ये तोच. किचनमध्ये गेलो आणि आकडा कमी आला.

"इथे रेघ खाली आली का?" मी विचारलं.

"रेघ नाही आली. आपण मागे किचनमध्ये जुन्या टाइल्सवर नवीन टाइल्स नाही का बसवल्या? इथली जमीनच वर आहे." तो उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. अकाउंट्सचा माणूस, दोन वह्यांचे आकडे जुळले नाहीत की त्याला चैन पडत नाही. "तू सांग, शून्य कुठून धरू? इथून की हॉलमधून? एकच काहीतरी धर ना, नाहीतर तुला वाटेल पाणी दोन जागी दोन उंचीचं होतं."

मी पेन्सिल खाली ठेवली.

का ते सांगते. समुद्राजवळच्या उंचीला दोन शून्यं असतात. जमिनीची उंची मोजतात ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. पण बंदरात, जेट्टीवर जे आकडे कोरलेले असतात ते होडीवाल्यांसाठी असतात, आणि त्यांचं शून्य म्हणजे सगळ्यात मोठ्या ओहोटीची पातळी. होडी तळाला घासू नये म्हणून कमीत कमी पाणी धरलेलं बरं. या दोन शून्यांत आमच्या त्या गावात जवळजवळ माणसाच्या उंचीएवढं अंतर पडतं. दोन्ही आकडे बरोबर असतात. फक्त एकातून दुसऱ्यात जाताना तेवढी उंची वजा करायची असते. आमच्या क्षेत्रातली ही इतकी प्राथमिक गोष्ट आहे की प्रत्येकाला वाटतं, ती दुसऱ्याने केलीच असेल.

शाळेची उंची आम्ही कुठून घेतली होती? मला आठवत होतं, हिवाळ्यातल्या त्या दुपारी पाहणीवाल्यांनी जवळचा ठरलेला बिंदू म्हणून जेट्टीवरच्या दगडापासून सुरुवात केली होती. मी तिथेच उभी राहून शहाळं पीत होते. वजाबाकी राहिली असेल, तर आमच्या नकाशात शाळा खरी आहे त्यापेक्षा माणूसभर उंच बसली होती.

सुहासला काही कळेना. मी टेप तसाच त्याच्या हातात सोडून परकार बाईंना फोन लावला.

"बाई, एक विचारायचंय. मोठ्या उधाणाला, भरती अगदी पूर्ण झाली की, होड्यांच्या उतारावर पाणी चढतं ना?"

"चढतं की."

"त्या पाण्याच्या कडेला तुम्ही उभ्या राहिलात, तोंड शाळेकडे करून... तर शाळेची फरशी तुम्हाला कुठे दिसते? डोक्याच्या किती वर?"

"वर कुठली?" त्या हसल्या. "डोळ्यांच्या रेषेत येते. पहिलीच्या वर्गातलं सगळं दिसतं मला तिथून. कोण बाकाखाली बसलंय ते पण."

आमच्या आकड्यांप्रमाणे त्या जागेवरून फरशी दिसायला परकार बाईंच्या खांद्यावर आणखी एक परकार बाई उभी करावी लागली असती.

"का हो मॅडम?" त्यांनी विचारलं. "काही झालं का?"

"तपासून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या वेळी याहून जास्त बोलायची हिंमत झाली नाही.

शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवार मी लॅपटॉपला चिकटून होते. उंची दुरुस्त केली आणि त्या गावासाठी सगळ्या लाटा पुन्हा सोडल्या. सुहासने खिचडी केली, मुकाट्याने ताट माझ्याजवळ आणून ठेवलं. रविवारी दुपारी नवा आकडा आला. पाणी फरशीच्या खाली थांबत नव्हतं. ते वर्गात शिरत होतं आणि छातीपर्यंत चढत होतं.

माझ्या छातीपर्यंत. पहिलीतल्या मुलांच्या डोक्यावरून.

मग सुहासला म्हटलं, "हॉलमध्ये किती आलं होतं रे?"

त्याने सांगितलं. आमच्या हॉलच्या फरशीपासून भिंतीवरच्या रेघेची उंची, आणि तिथल्या वर्गाच्या फरशीपासून पाण्याची उंची... यांत दोन बोटांचा फरक होता. भिंतीवरची रेघ दोन बोटं वर होती. आणि ती आकडा निघायच्या आधीपासून तिथे होती, घरात आलेल्या प्रत्येकाने पाहिलेली.

सुहास पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. "योगायोग असेल," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण काचेवर कशी आली गं?" भीती वाटली का, तर हो, वाटली. पण रेघेची नाही. ती रेघ आली नसती तर सोमवारी काय झालं असतं, याची.

सोमवारी खन्ना सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. म्हणजे दोन शून्यांचं. सर चष्मा काढून बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"किसने पकड़ा?"

"मेरे हसबैंड ने, सर."

"वो तो अकाउंट्स में हैं ना?"

"जी."

"अच्छा." त्यांनी चष्मा परत लावला. "रिपोर्ट रोक देते हैं. बाकी गाँवों का भी सब चेक करवाइए, एक-एक का. पर मैडम, आपको ज़ीरो पर शक हुआ कैसे?"

"घर में सीलन है, सर," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि फाइल पुढे ओढली.

बाकी गावं तपासली. तिथे वजाबाकी झालेली होती. फक्त याच एका गावाची राहिली होती.

परकार बाईंना फोन करणं बाकी होतं. आयुष्यात बरेच कठीण फोन केलेत, पण हा फोन करायला मी ऑफिसच्या गच्चीवर गेले आणि तिथेही दोन फेऱ्या मारल्या. त्यांना सगळं सांगितलं. मागे मुलांचा गलका चालू होता, पाढे म्हणत होती बहुतेक.

"मॅडम, मी पालकसभेत सांगून बसले," त्या म्हणाल्या. "पाणी पायरीखाली थांबेल म्हणून. लोकांनी पेढे वाटले हो."

"चूक आमची आहे, बाई. तसंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"म्हणजे शाळा सड्यावर जाणार?"

"मी लिहिलंय की जागा तीच ठेवून खांबांवर इमारत बांधता येईल. खालचा मजला मोकळा, वर्ग वरती. पाणी खालून निघून जाईल. पण खर्च वाढेल. मान्य होईल की नाही, माझ्या हातात नाही."

"आणि ती लाट कधी यायची?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. शेकडो वर्षं येणारही नाही कदाचित."

"आणि उद्यापण येईल."

"हो."

"मग उद्याच यायचीय असं धरू," परकार बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रडू होतं थोडंसं, पण तेही लगेच आवरलं. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. न सांगता गप्प राहिला असतात तर आम्हाला काय कळणार होतं?"

मला मात्र गच्चीवर एकटीला रडू आलं. कबूतरं होती, त्यांनी पाहिलं असेल.

सुधारलेला रिपोर्ट ज्या दिवशी गेला, त्या संध्याकाळी घरी आले तर काचेवरची रेघ गेलेली होती. दारावरची, कपाटावरची पण. भिंतीवरची वाळून सुटत होती. पुढच्या एक-दोन दिवसांत तिची पूड झाली आणि भिंतीच्या कडेकडेने जमिनीवर बारीक पांढरी ओळ पडली. कामवाल्या बाईंनी "चुना झड़ रहा है" म्हणत झाडून टाकली. गणपतीच्या आधी सुहासने घर रंगवून घेतलं. फक्त पुस्तकांच्या शेल्फमागे मी रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. तिथे माझ्या पेन्सिलची खूण आहे आणि तिच्यावरून जाणारी वीतभर रेघ अजून आहे. शेल्फ ओढलं की दिसते.

डबीतली पूड लॅबला दिली का? नाही दिली. मैत्रीण दोनदा विचारून गेली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा अवकाश, दहा मिनिटांत कळेल — नुसतं बोअरचं मीठ आहे की त्यात समुद्री शंखांचे कण आहेत. मी, जी आयुष्यभर सगळ्यांना पुरावा मागत आले, ती हे करत नाही. नुसतं मीठ निघालं तरी काचेवर ते कसं आलं, हे कोडं राहतंच. आणि शंख निघाले तर चौथ्या मजल्यावर बसून मी पुढचं काम कसं करणार? डबी फ्रीजवर आहे. धूळ बसली की पुसते.

शाळेची फाइल अजून फिरते आहे. एका खात्याने हो म्हटलंय, दुसऱ्याचं उत्तर यायचंय. परकार बाई मात्र कोणासाठी थांबल्या नाहीत. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी घंटा वाजते आणि अख्खी शाळा सड्यावर पळत जाते. शर्यत आहे असं मुलांना सांगितलंय. पहिल्या येणाऱ्याला चिक्की, आणि ज्या मुली भावंडांना घेऊन पळतात त्यांना दोन. आता आयाच बाळांना सोडून जाताना विचारतात म्हणे, आज शनिवार आहे का?

परवा बाईंचा फोन आला. वर्गाच्या भिंतीवर निळ्या रंगाने पाण्याची रेघ काढायची आहे, म्हणजे सगळ्यांना रोज दिसेल. "किती उंचीवर काढू, मॅडम? आणि कुठून मोजू तेही सांगा, आता मी तुमच्यावर नुसता विश्वास ठेवणार नाही." असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले.

रविवार होता, पण रंगकामासाठी बाई दोन-चार पोरांना घेऊन शाळेत आल्या होत्या. लॅपटॉप समोर टेबलावर होता, रिपोर्ट त्यात होता. मी उठले, शेल्फ ओढलं आणि टेप हातात घेतला. सुहास न सांगता येऊन खाली बसला आणि टेपचं टोक जमिनीला टेकवून धरलं.

"वर्गाच्या फरशीपासून मोजा," मी परकार बाईंना म्हटलं आणि आकडा सांगितला. भिंतीवरचा. दोन बोटं वरचा.

दलदलीतल्या वाळूच्या थरावरून आम्ही मागे येऊन गेलेल्या लाटा वाचतो. माझ्या भिंतीवरची रेघ कधीच्या पाण्याची होती, येऊन गेलेल्या की यायच्या, आणि ती तिथे न उमटता माझ्याकडे का उमटली, हे मला आजही सांगता येत नाही. पलीकडे परकार बाई तो आकडा मोठ्याने म्हणत होत्या, आणि कोणीतरी पोर भिंतीशी उभं राहून ओरडत होतं, "बाई, माझ्या डोक्याच्या वर गेली!"